आंजर्ल्याला कुत्रा घेऊन जायचं, पण किनाऱ्यावर न्यायचा नाही? पटतंय का तुम्हाला?

ब्रुनोचा_बाबा:
मार्चमध्ये कोकणात, दापोलीजवळ आंजर्ल्याला जायचं ठरतंय, पुण्याहून ताम्हिणी-माणगावमार्गे, बरोबर आमचा लॅब्रॅडॉर. होमस्टेवाल्या काकांना फोन केला तर म्हणाले कुत्रा आणा, पडवीत बांधा, काही अडचण नाही, पण कासवांचा सीझन आहे तेवढं किनाऱ्यावर नेऊ नका. अहो मग समुद्रावर यायचं कशाला? गावातली मोकाट कुत्री दिवसरात्र पुळणीवर लोळतात त्यांना कोणी हटकत नाही आणि माझ्या सगळी इंजेक्शनं झालेल्या, पट्ट्यात असलेल्या कुत्र्याला बंदी. माझं स्पष्ट मत, पट्टा हातात आणि शी उचलायची पिशवी खिशात असेल तर कुठल्याच किनाऱ्यावर अडवू नये.

खाडीपलीकडचा:
काका बरोबर बोलले. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत समुद्रात, पिल्लांकडे बघायला काही थांबत नाही. पहाटे कासवमित्र तिच्या पावलांचा माग काढत फिरतात, घरटं सापडलं की अंडी हॅचरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. पण त्यांच्या आधी कुत्र्याला किंवा कोल्ह्याला वास लागला तर संपलं. मोकाट कुत्री येतात हे खरंच, तेच तर दुखणं आहे आमचं! त्यांना आवरता आवरता जीव जातो त्यात तुम्ही अजून एक आणा. शेजारी वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली हे काम सुरू केलं, त्याआधी बरीचशी अंडी माणसंच उकरून न्यायची. गावाने ते बंद केलं ना? मग पाहुण्यांनी चार दिवस कळ सोसायला काय हरकत आहे.

मीठभाकर:
कासवांचं सगळं मान्य, पण बीचवर एसयूव्ही घालून गोल गोल फिरवणारे दिसत नाहीत का कोणाला? टायरखाली वाळू दबते, घरटं असलं तर त्याचं काय होत असेल. रिसॉर्टचे हॅलोजन रात्रभर समुद्राकडे तोंड करून चालू, पिल्लं उजेडाकडे जातात म्हणजे पाण्याऐवजी रस्त्याकडे. ते सोडून पट्ट्यातल्या कुत्र्यावर बंदी म्हणजे गरीब गाय बघून शिंगं मारणं झालं. बाबा, तुम्ही जा बिनधास्त, सकाळी जरा उशिरा न्या आणि हॅचरीच्या बाजूला फिरकू नका.

खाडीपलीकडचा:
@मीठभाकर गाड्यांवर पण बंदीच पाहिजे, कोण नाही म्हणतंय? एक चूक होतेय म्हणून दुसरी चालवून घ्यायची का. आणि हॅचरीच्या बाजूला नको म्हणताय, पण प्रत्येक घरटं हॅचरीत पोचतंच असं नाही, एखादं नजरेतून सुटतंच, ते कुठे आहे ते तुम्हाला दिसणार नाही पण तुमच्या लॅबला बरोबर कळेल.

टॉमीची_आई:
माझीही कुत्री आहे आणि तरी मी नको म्हणेन, कासवांसाठी नाही, कुत्र्यासाठी. लॅब पाण्यात शिरला की खारं पाणी पोटात जातंच, मग उलट्या आणि जुलाब, आणि रात्री तिथे डॉक्टर शोधायचा म्हणजे दापोलीपर्यंत गाडी काढा. सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं. जाळ्यातून टाकून दिलेली मच्छी पडलेली असते, त्यात केंड (तो फुगणारा मासा) असला तर तो विषारी, आणि लॅब काय विचारून खातो का! मार्चमध्ये दुपारची वाळू पायाला चटके देते ते वेगळंच. वाडीत गोचीड असतात, निघायच्या आधी औषध लावा नाहीतर टिक फिव्हर घेऊन घरी याल.

पोफळीखाली:
आमचा होमस्टे आहे म्हणून सांगतो. कुत्र्याला ना नाही, मालकाला आहे 😀 गेल्या सीझनला एका पाहुण्यांनी वाडीत पट्टा सोडला, आमच्या दोन कोंबड्या गेल्या, वर आम्हालाच म्हणे "तो फक्त खेळत होता". तेव्हापासून आधी फोनवर सगळं सांगून टाकतो, नंतर तोंड वाईट करायला नको.

ब्रुनोचा_बाबा:
सगळे मिळून मलाच धरलंय! घरटं वासाने सापडतं हा मुद्दा पटला, बाकी कोंबड्यांचा माझ्याशी काही संबंध नाही. बरं मग जायचं कधी? थंडीत अंडी, उन्हाळ्यात पिल्लं, पावसात समुद्र खवळलेला.

खाडीपलीकडचा:
ऑक्टोबरात या, दिवाळीच्या आधी. ओहोटीला पुळण रिकामी असते, पट्टा लांब सोडलात तरी कोणी काही म्हणणार नाही. दिवाळीत आलात तर मात्र रूमचे रेट मला विचारू नका.

मीठभाकर:
ऑक्टोबर हीट विसरले वाटतं साहेब.