पूर ओसरल्यावर विहीर शुद्ध कशी करायची?

प्रश्न (निपाणी भाग): वेदगंगेचं पाणी गावातल्या विहिरीत शिरलंय. आम्ही स्वयंसेवक साफ करणार आहोत. ब्लीचिंग पावडर किती लागेल?

उत्तर १: आधी पाणी मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. ४ मीटर व्यास, ५ मीटर पाणी म्हणजे सुमारे ६३,००० लिटर. स्वच्छ पाण्याला १,००० लिटरला २.५ ग्रॅम पावडर, म्हणजे इथे १६० ग्रॅम. पण गढूळ पाण्यात गाळच क्लोरीन खातो, म्हणून आधी उपसा.

एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली भरून ढवळा. १० मिनिटांनी वरचं निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घ्या. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून जोरात वर-खाली करा. तासाभराने क्लोरीन तपासा: लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरला पाहिजे. नसेल तर पुन्हा डोस. पावडर उघड्या पोत्यातली, ओल लागलेली असेल तर हेच होतं.

उत्तर २: उपसा सावकाश करा, कृपा करून. भोवतालची माती भिजून जड झालेली असते. पाण्याचा आधार एकदम गेला की काठ ढासळतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, धुराने माणूस दगावतो.

उत्तर ३: पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी कळवा. चिखलात गमबूट हवेतच, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) धोका असतो. तपासणी होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच.