अनुभव धागा : मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे गुगलच्या निकालात निळ्या मथळ्याखाली दिसाव्यात म्हणून पानाच्या कोडमध्ये लिहायच्या दोन ओळी

मागावरचा
गुगलवर एका चादरीच्या दुकानाखाली आज हे दिसलं : "चादर, चादरी, सोलापूर चादर, सोलापुरी चादर, चद्दर, स्वस्त चादर, बेडशीट". की-वर्ड टॅगचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी भरायचा, जमाना आठवला एकदम. तो टॅग क्रमवारीसाठी बघत नाही असं गुगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. डिस्क्रिप्शननंही क्रमांक वर जात नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. तरी याद्या लिहायची खोड गेली नाही, नुसती जागा बदलली.

क्रमांक वाढत नाही तर लिहायचं कशाला? गिऱ्हाईक एकाखाली एक दहा दुकानं बघतं आणि एकातच शिरतं, म्हणून. "उत्तम दर्जा, वाजवी दर, एकदा अवश्य भेट द्या" हे दहाही जण लिहितात. त्यापेक्षा हे बघा :

"सोलापुरी जॅकार्ड चादर, ६० बाय ९० इंच, पूर्ण सुती, दोन्ही बाजूंनी नक्षी. सुटा नगही मिळेल. २५ नगांपासून घाऊक भाव. दुकान नवी पेठेत."

१२८ अक्षरं. माप, कापड, किती नग, कुठं. नाव आणि माप सुरुवातीला, कारण मोबाईलवर शेपूट कापली जाते. तुमच्या पानांचं काय, लिहा. काय बिघडलं आणि का, ते जास्त लिहा.

कडकभाकरी
१२८ कशात मोजले?

मागावरचा
एक्सेलचं लेन (LEN) सूत्र, मजकुराची लांबी मोजणारं.

कडकभाकरी
मग तिथंच गोम आहे दादा. लेन काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. 'ज्वारी' डोळ्याला दोन अक्षरं, लेनला सहा. 'सोलापूर' डोळ्याला चार, लेनला सात. त्यामुळे इंग्रजीसाठीचा १५५-१६० चा आकडा मराठीला जसाच्या तसा लावला की ओळ उगाच तोकडी राहते. गुगल अक्षरं मोजून कापत नाही, पडद्यावर जेवढी रुंदी मावते तिथं कापतं. लिहून ठेवायची मर्यादा अशी काही नाहीच. मराठीत लेन १६०-१७० पर्यंत गेलं तरी घाबरू नका, फक्त कामाचं सगळं पहिल्या ९०-१०० मध्ये उरका.

सातरस्ता
३२० अक्षरं लिहा म्हणणारे सल्ले अजून फिरतायत त्याचं कारण : डिसेंबर २०१७ मध्ये गुगलनं त्या ओळी लांब केल्या होत्या, मे २०१८ मध्ये परत आखडल्या. मधल्या पाच महिन्यांत लिहिलेले लेख अजून जिवंत आहेत.

टॉवेल_टेरी
मापावरून एक. इंचाची खूण म्हणून दुहेरी अवतरण टाकू नका!! टॅगमधला मजकूर दुहेरी अवतरणातच असतो. तुम्ही ६० च्या पुढं ती खूण टाकली की ब्राउझरला वाटतं मजकूर संपला. गुगलला पोचतं "सोलापुरी चादर ६०" एवढंच. पुढचं सगळं कचरा. शब्दात 'इंच' लिहा. वर्डप्रेसचे नेहमीचे प्लगइन ही खूण सांभाळून घेतात, हातानं लिहिलेल्या थीममध्ये मात्र हमखास फटका बसतो.

शेंगाचटणी
हे लई कामाचं. आमच्याकडं किलोच्या पाकिटांना ही भानगड नाही म्हणा 😄

भुईकोट
चटणी कुटलेली की मिक्सरची ते लिहिता का डिस्क्रिप्शनमध्ये?

शेंगाचटणी
हौ, तेच पहिलं. "उखळात कुटलेली शेंगा चटणी, तेल सुटलेली, २५० ग्रॅम आणि १ किलो". टिकण्याचे दिवस आणि कुरिअर कुठंकुठं जातं तेही, कारण पुण्या-मुंबईचे लोक तेच शोधतात. भाव नाही लिहीत. शेंगदाणा वर-खाली होतो आणि गुगल पान परत कधी वाचेल सांगता येत नाही. जुना भाव दिसत राहतो अन् फोनवर भांडणं. भाव द्यायचाच तर प्रॉडक्टच्या स्ट्रक्चर्ड डेटात (कोडमध्ये गुगलसाठी माल, भाव वेगवेगळे मांडतात त्या भागात) द्या.

पार्कचौक
तसंच "गड्डा यात्रा खास सवलत". जानेवारीतली ती ओळ उन्हाळ्यात पण लटकलेली असते. सवलत पानावर लिहा, डिस्क्रिप्शनला बारमाही ठेवा.

दख्खनी
मराठी साइट असेल तर हे दोन तपासा.

एक, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवू नका. पानावर तो फॉन्ट लावला की मराठी दिसतं, पण डिस्क्रिप्शनला फॉन्ट लागत नाही, त्यामुळे गुगलमध्ये रोमन अक्षरांची गिचमीड येते. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यानं वाचा, बदलताना तेच फुटतात.

दोन, प्रोग्राम आपोआप पहिली १५५ अक्षरं कापून डिस्क्रिप्शन करत असेल तर. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं मजकूर कापायचं साधं फंक्शन, सबस्ट्र (substr), बाइट मोजतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, म्हणून १५५ मागितले की जेमतेम ५१ चिन्हं येतात आणि शेवटी तुटका चौकोन. एमबी सबस्ट्र (mb_substr) बाइटऐवजी चिन्हं मोजतं, त्यानं चौकोन जातो, पण 'ज्वारी' मधला 'ज्' एकटा लटकू शकतो. डोळ्याला दिसणारं अक्षर धरून मोजणारं ग्राफीम सबस्ट्र (grapheme_substr) वापरा, आणि त्यानंतरही मागं येऊन शेवटच्या मोकळ्या जागेवर कापा.

सगळी प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर बहुतेक डेटाबेसचा कॅरेक्टर सेट लॅटिन-१ आहे, त्यात देवनागरी मावत नाही. तो यूटीएफ-८ एमबी-४ करून मजकूर पुन्हा भरावा लागतो. साठवतानाच जे प्रश्नचिन्ह झालं ते परत मराठी होत नाही.

कडकभाकरी
ग्राफीमसाठी सर्व्हरवर पीएचपीचं इंटल (intl) एक्स्टेन्शन चालू लागतं. स्वस्तातल्या होस्टिंगवर आधी ते बघा.

होटगीरोड_ताई
पाणी आलंय, घाईत लिहिते. डिस्क्रिप्शन नीट लिहूनही गुगल भलतंच का दाखवतं?

सातरस्ता
ताई, त्याला वाटलं शोधलेल्या शब्दांना पानावरचं दुसरं वाक्य जास्त जुळतं, तर तो ते उचलतो. हे लई वेळा होतं. डिस्क्रिप्शन म्हणजे सूचना, हुकूम नाही. उपाय : जे डिस्क्रिप्शनमध्ये तेच पानाच्या पहिल्या परिच्छेदात पण लिहा, जरा खुलवून. मग त्यानं कुठूनही उचललं तरी कामाचंच येतं. "होम, आमच्याविषयी, कार्ट" असलं येत असेल तर पानावर धड वाक्यच नाही, नुसते फोटो आहेत, असं समजा. वरची "मोफत घरपोच" पट्टी येत असेल तर तिच्या डिव्हला (कोडमधल्या तिच्या खोक्याला) डेटा-नोस्निपेट, म्हणजे 'हे निकालात दाखवू नको' ही खूण, लावा. स्पॅन, डिव्ह आणि सेक्शन, या तीनच टॅगवर ते चालतं.

टॉवेल_टेरी
आणि दोन एसईओ प्लगइन एकदम चालू नाहीत ना बघा. दोघं आपापलं डिस्क्रिप्शन टाकतात. पान उघडून कंट्रोल यू दाबा, पानाचा कोड दिसेल, त्यात name="description" हा टॅग शोधा. एकदाच यायला हवा, तोही हेडच्या, म्हणजे कोडच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या भागाच्या, आत. हेडमध्ये कुणी इमेज किंवा आयफ्रेम घुसवला असेल तर हेड तिथंच संपलं असं गुगल धरतं, खालचा टॅग वाया. ओजी डिस्क्रिप्शन वेगळं बरं का, ते व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर दिसतं.

भुईकोट
चादर की चद्दर, ते ठरवा आधी 😀

मागावरचा
लोक शोधतात ते. साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा, पान निवडा, क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) बघा. बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात. शोधलेला शब्द ओळीत असला की ठळक दिसतो, पण म्हणून दोन्ही लिप्या कोंबू नका. पान ज्या भाषेत, डिस्क्रिप्शन त्याच भाषेत.

गणवेशवाले
शाळेच्या गणवेशाची ४०० पानं आहेत, एकेक कोण लिहिणार ओ?

मागावरचा
साचा करा की. प्रकार + कापड + मापं + किमान ऑर्डर + किती दिवसांत. एखादा रकाना रिकामा असल्यास त्याचा स्वल्पविराम पण गेला पाहिजे, नाहीतर "शर्ट, , इंच, " असं छापून येतं. मुखपृष्ठ आणि सर्वात जास्त बघितली जाणारी वीसेक पानं तेवढी हातानं लिहा. कार्ट, लॉगिन सोडून द्या. सारखी आणि रिकामी डिस्क्रिप्शन शोधायला स्क्रीमिंग फ्रॉग हे साइट तपासायचं सॉफ्टवेअर, ५०० यूआरएलपर्यंत (पानांच्या पत्त्यांपर्यंत) फुकट चालतं.

हुरडा_हंगाम
शेतावरच्या हुरड्याच्या पानाला : महिने, आधी बुकिंग लागतं का, ताटात काय, सोलापुरातून किती कि.मी. एवढंच. "निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय क्षण" यानं फोन येत नाहीत.

पार्कचौक
लॉजवाल्यांनी पण अक्कलकोट सुमारे ४० कि.मी. असं लिहावं. "सर्व तीर्थक्षेत्रांना सोयीस्कर" याला काय अर्थ?

होटगीरोड_ताई
भरलं पाणी. बदल केल्यावर फरक पडला हे कसं कळतं?

कडकभाकरी
ताई, दहाच पानं बदला, तारीख लिहून ठेवा. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत जाऊन इंडेक्सिंगची (गुगलनं पान पुन्हा वाचून नोंदवायची) विनंती करा. गुगलमध्ये नवी ओळ दिसायला लागली की तिथून २८ दिवस मोजा आणि बदलाआधीचे २८ दिवस, त्याच क्वेरीचा सीटीआर (दिसलं त्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) ताडून बघा. सरासरी क्रमांक जवळपास तेवढाच असेल तरच तुलना धरा. तिसऱ्यावरून सातव्यावर घसरलात तर सीटीआर पडणारच, त्यात ओळीचा काय दोष. आणि लग्नसराईचा महिना रिकाम्या महिन्याशी लावू नका.

शेंगाचटणी
मागावरचे दादा, २५ नगांचा भाव काय पण?

मागावरचा
तो डिस्क्रिप्शनमध्ये लिहीत नाही म्हटलं ना तुम्हीच 😄 फोन करा.