विषय: फासनाख्टची ट्रिप – झरमॅट की ग्रिंडेलवाल्ड, आज रात्रीच सांगा

आर्वीवाला (भारत, रात्री 9:10)

मंडळी, फासनाख्टच्या, म्हणजे कार्निव्हलच्या सुट्टीसाठी स्वित्झर्लंडमधल्या या दोन्ही स्कीच्या गावांतली घरं मी धरून ठेवली आहेत. फुकटात कॅन्सल करायची मुदत आज तिकडच्या रात्री बारापर्यंत, म्हणजे इकडे पहाटे साडेचार. मी गावी आहे, घरात रेंज नाही, गच्चीवर टाकीला टेकून लिहून राहिलो. या आठवड्यात लाइन रात्रीची आहे. साडेदहाला आबाजींसोबत संत्र्याला पाणी द्यायला जायचं आहे, त्याच्या आत उरका.

माझं मत झरमॅट. गावच 1600 मीटरवर आहे, आणि वर 3883 मीटरपर्यंत केबल कार जाते. तिथल्या ग्लेशियरवर बाराही महिने स्की चालते. ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटर, म्हणजे जवळपास आपलं चिखलदरा. एक ओलिताचं वावर, एक कोरडवाहू. यात निवडायचं काय?

मागच्या वेळचा विषय कृपया काढू नये.

कोषाध्यक्ष

विषय काढत नाही. फक्त लक्षात आणून देते की कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला अलार्म वाजला, सगळी बिल्डिंग बर्फात उभी राहिली, आणि बिल मंडळाच्या खात्यातून गेलं. आजवर कोणी "मी भरतो" म्हटलेलं नाही. असो.

झरमॅटला गाडी जात नाही. अलीकडच्या टेश गावी पार्किंगमध्ये ठेवायची, तिथून शटल ट्रेन, बारा मिनिटं. आपण अकरा जण. त्यात चार पोरं, दोन जणांचे गुडघे गेलेले, आणि सामानात तांदूळ, तुरीची डाळ, कणीक, चटण्या, वर मंडळाचं मोठं पातेलं. हे सगळं उतरवायचं, चढवायचं, पुन्हा उतरवायचं, मग तिथल्या बॅटरीवाल्या टॅक्सीत कोंबायचं. ग्रिंडेलवाल्डला गाडी दारात लागते. मी कोरडवाहूच्या बाजूने.

वरूडवाले काका

पातेलं कोणाकडे आहे? दिवाळी फराळानंतर मला दिसलं नाही.

दारव्हेवाली ताई

सामानाचा बाऊ नको. आम्ही गेलो होतो. टेशला ट्रॉल्या असतात, पार्किंगमधून भरलेली ट्रॉली तशीच ट्रेनच्या डब्यात जाते. पातेलंही जाईल.

अडचण वेगळी आहे. चारही पोरं पहिल्यांदा स्की घालणार. झरमॅटला शिकाऊ पोरांची जागा वर सुनेगाला, 2288 मीटरवर. डोंगराच्या पोटातून रेल्वे नेते, चार-पाच मिनिटांत, मस्तच आहे. पण पोरगं रडायला लागलं की आजीने खाली गावात बसून करायचं काय? ग्रिंडेलवाल्डला बोडमीचा उतार गावाला लागूनच आहे, चालत जा, हातात थर्मास घेऊन बघत बसा.

आणि बुटांचं आधीच सांगते. मी पहिल्या दिवशी थंडी वाजू नये म्हणून दोन-दोन लोकरी मोजे घातले. दुपारपर्यंत बोटं बधिर आणि नडगीवर काळानिळा पट्टा. आत घड्या पडतात, रक्त अडतं, पाय उलट जास्त गार होतो. एकच पातळ, लांब मोजा घालायचा. टाच मागे ठोकून बसवायची, मग बक्कल. त्या बुटात चालणं म्हणजे पायाला ओढणं घातलेल्या गुरासारखं. हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं.

आर्वीवाला

ताई, मोजे समजले. पण बोडमी गावाला लागून म्हणजे चिखलदऱ्याच्याच उंचीवर न? सगळ्यात आधी तिथलंच बर्फ वितळणार. मग पोरं गवतावर घसरतील.

वरूडवाले काका

बर्फाच्या तोफा असतात बे. तुझ्या घरच्या कुलरचंच तत्त्व. मे महिन्यात वाळ्याची टट्टी लावून कुलर कसा गारेगार करतो, आणि जुलैत तोच कुलर नुसता चिकट वारा फेकतो, कारण हवेतच ओल. तोफेचंही तसंच. फवाऱ्यातले थेंब उडता उडता थोडे वाळतात, त्याने उरलेलं पाणी गार होऊन गोठतं. हवा कोरडी असली तर शून्याच्या जरा वरही जमतं, दमट असली तर उणे दोनलाही ओलंच पडतं. म्हणून नुसता थर्मामीटर पाहून ते लोक तोफा लावत नाहीत.

आणि मोठ्यांनी गावात स्की करायचीच नाही. आयगर एक्सप्रेस ही केबल कार 2020 च्या डिसेंबरात सुरू झाली, पंधरा मिनिटांत थेट वर आयगरग्लेचर स्टेशनला. क्लाइने शाइडेगची खिंड 2061 मीटरवर, तिथेही सोपे उतार आहेत. बोडमीत बर्फ नसलं तर पोरं ट्रेनने तिकडे.

पातेल्याचं उत्तर मिळालं नाही.

कोषाध्यक्ष

मंडळाच्या सामानाची वही माझ्याकडे असते. वस्तू नेणाऱ्याने सही करायची, असं ठरलं होतं. पातेल्यापुढे सही नाही.

आर्वीवाला

आबाजींना फोटो दाखवले. ते म्हणाले, मी सांगतो ते लिही. जसंच्या तसं:

"ओलित ओलित काय लावलं? आपली विहीर भरून आहे, लाइन नाही तं वावर वाळतेच. त्या तोफेले पाणी आहे, पन थंडी नसन तं तिची गत आपल्या मोटारीसारखी. हे दोन्हीकडे सारखंच. आता दुसरं. आपल्या गावाले डांबरी रस्ता झाला तवा लोकाईनं फटाके फोडले. अन् तिथं रस्ता असून गाडी येऊ देत नाहीत, हे कोनतं शहाणपन? मले घसरायचं नाही. पोट्टे पडले कुठं, उठले का नाही, एवढं मले बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे. अन् चहात दूध ताजं पाहिजे, पावडर नाही."

दुधाचं मी म्हटलं, तिथे गाई आपल्या माणसांपेक्षा जास्त. त्यावर ते हसले नाहीत, गाई थंडीत कुठे बांधतात ते विचारलं.

दारव्हेवाली ताई

गोठ्यातच. साठवलेलं गवत खातात. आबाजींना सांगा, ताजं दूध मिळेल.

पण त्यांना एकदा तरी कांडरश्टेगच्या बाजूने न्या. तिथे गाडीच रेल्वेवर चढवतात, आपण गाडीत बसून राहायचं, पंधरा मिनिटं अंधार, बाहेर पडलो की गोपेनश्टाइन. माझे सासरे पूर्ण वेळ हँडब्रेक धरून बसले होते.

कोषाध्यक्ष

ते झरमॅटच्या वाटेवर येतं. ग्रिंडेलवाल्डला त्याची गरज नाही. उगाच खर्च नको.

आर्वीवाला (भारत, रात्री 2:05)

मळ्यातून आत्ता आलो. दीडला लाइन गेली, तीन ओळी राहिल्या. ग्रिंडेलवाल्डचं घर पक्कं केलं, झरमॅटचं सोडलं. स्वयंपाकघरात खिडकी आहे, तिसऱ्या शिट्टीच्या आधी उघडायची. पोरांच्या बुटांची मापं ताईंना पाठवा, पाय सेंटिमीटरमध्ये मोजून. मोजे एकेकच.

वरूडवाले काका

चांगलं झालं. माळ्यावर हात घातला तर पातेल्याचं झाकण माझ्याकडेच सापडलं. पातेलं मात्र नाही.