'सिव्हिलियन'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'बुणगे' ही शिवी कशी झाली?

परवा आत्याला पेपर वाचून दाखवत होते (तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं), युद्धाची बातमी होती, 'हल्ल्यात नागरिक ठार', तर ती मधेच म्हणाली, अगं शिपाईपण नागरिकच असतो ना, मग हे वेगळे कोण? तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जातच नाहीये.

इंग्रजीत सिटिझन वेगळा, सिव्हिलियन वेगळा. आपण दोघांनाही नागरिक म्हणतो आणि तिथेच गडबड होते. १ मार्च २०२२ ला खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक मेडिकलचा विद्यार्थी गेला, खायचं सामान आणायला बाहेर पडला होता, दुकानापाशी रांगेत उभा होता. तो युक्रेनचा नागरिक नव्हता, पण सिव्हिलियन होताच होता. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जो पहिला प्रोटोकॉल जोडला त्यात व्याख्या अगदी साधी आहे, सैन्यात नाही तो सिव्हिलियन, आणि शंका आली तर त्याला सिव्हिलियनच धरायचं. पासपोर्टचा काही संबंध नाही.

'असैनिक' ह्या व्याख्येत बरोब्बर बसतो पण मला पटत नाही, माणूस काय नाही एवढंच तो सांगतो. 'बिनलष्करी' मालाला, विमानाला ठीक, पण 'बिनलष्करी आजी' कोणी म्हणेल का?

आमच्याकडे तर अजूनच घोळ, कारण आम्ही ग्वाल्हेरचे आणि राहतो लष्करात! १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला, तळाचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. तिकडे कंपू, तिकडे शिंदे की छावनी, नावं सगळी फौजेची आणि राहणारे कोण, तर मास्तर, सराफ, शिंपी, पापड लाटून घर चालवणाऱ्या बायका. आणि हे लोक काही नंतर येऊन राहिले असं नाही, मराठी फौज चालायची तेव्हा तिच्याबरोबर वाणी, लोहार, बायकामुलं, यात्रेकरू असा सगळा संसारच चालायचा. त्यांना शब्द होता बुणगे. फारसी बुनगाह, म्हणजे फौजेचं सामानसुमान ठेवायची जागा, तिथून आलाय. म्हणजे सामान आणि माणसं एकाच शब्दात!

पानिपताला हे लोक हजारोंनी होते. अब्दालीने रसद तोडली तेव्हा उपाशी तेही राहिले, आणि १४ जानेवारी १७६१ नंतर कत्तल त्यांचीही झाली, कितीतरी बायका-मुलं गुलाम म्हणून नेली. आणि आज आपण 'बाजारबुणगे' कोणाला म्हणतो? कुचकामी, फुकट्या गर्दीला. लढाईत सगळ्यात जास्त ज्यांनी सोसलं त्यांचंच नाव आपण शिवी करून ठेवलं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद (इंदूरहून): ताई, पानिपताचा तो सांकेतिक निरोप आठवा ना, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चिल्लर-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. बुणगे त्या खुर्द्यात. आमच्याकडे महूला छावणी आहे, तिथे फौजी लोक सरळ 'सिव्हिलियन'च म्हणतात आणि साध्या कपड्यांना मुफ्ती किंवा सिव्हिल ड्रेस. मला वाटतं सिव्हिलियन घेऊन टाकावा, रेशन, सायरन घेतलेच की आपण.

मूळ लेखिका: सायरनवरून बरं आठवलं. ७ मे २०२५ ला संध्याकाळी मॉक ड्रिलचा भोंगा झाला आणि दिवे गेले, तेव्हा आत्या भिंत धरत धरत देवघरापाशी गेली आणि निरांजन पदराने शांत केलं. म्हटलं अगं आत्या, एवढ्याशा ज्योतीने काय होतंय, तर म्हणे ७१ ला असंच करायचो. तेव्हा खिडक्यांना काळे कागद, स्कूटरच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी केलेली, आणि चढउतार करत वाजला तर धोका, एका सुरात वाजला तर संपलं. पण बिर्लानगरच्या मिलचाही भोंगाच, त्यामुळे नवीन नवीन शिफ्टच्या वेळीसुद्धा पोरं जिन्याखाली पळायची. तुम्ही स्वतःला काय म्हणायचात विचारलं, तर म्हणाली आम्ही काय, घरची माणसं.

'सिव्हिलियन' चालेल मला, हरकत नाही. पण बातमी लिहिणाऱ्यांनी जमेल तिथे नुसतं 'नागरिक' न लिहिता रांगेतली माणसं, शाळेतली मुलं, दवाखान्यातले पेशंट असं लिहावं, निदान गणती तरी राहील. खारकीव्हची ती जुनी बातमी मी काल आत्याला वाचून दाखवली, तर तिने दोनच गोष्टी विचारल्या, रांग कसली होती आणि त्याच्या आईला कोणी कळवलं.