वादळात पडलेल्या आंब्याचा बाक करायचाय, मदत हवी आहे

गेल्या महिन्याच्या वादळात अंगणातला जुना आंबा मुळासकट आडवा झाला. फांद्या सरपणात गेल्या, पण दीड फूट जाडीचा बुंधा जाळायला मन धजत नाही. ओलावा टोकांतून लवकर उडतो म्हणून तिथे ऑइलपेंट फासला. तरी एका बाजूला बोट जाईल एवढी भेग पडलीच (चार दिवस आळस केला, माझीच चूक).

लाकूड जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष वाळवा म्हणतात. मग आत्ताच २ इंची फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचू, की ओंडकाच ठेवू? सालीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसतोय, म्हणजे कीड लागली असावी. साल आधी सोलावी का? किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ओल्या फळीवरच मारायचं ना? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.