सुट्टीत पैसे भरून राबायला जाणारी चिनी पोरं: खरी सेवा की हौस?

गोदाकाठची: २०१७ला मी चीनच्या सिच्वान प्रांतात, चेंगदू शहरात नोकरीला होते. ऑफिसातली एक मुलगी मला जवळच्या दुज्यांगयान गावच्या पांडा केंद्रात एक दिवस काम करायला घेऊन गेली, त्याचे पैसे आपणच भरायचे. सकाळी निळे ओव्हरऑल घालून पिंजरे झाडले, लेंड्या गोळा केल्या (घाण वास नाही, ओल्या गवतासारखा येतो, बांबू फारसा पचतच नाही त्यांना) आणि मग बांबू फरशीवर आपटून फोडायचे. दहा मिनिटांत माझे तळहात झिणझिणायला लागले. ही मुलगी घरात एकुलती एक, आईने कधी झाडूला हात लावू दिला नाही, ती दुपारपर्यंत न बोलता राबली. मग हाताला आलेला फोड दाखवत म्हणाली, आजचा थकवा मला आवडला. कष्ट सोसण्याला चिनी लोक 'कडू खाणं' म्हणतात, हिने ते आजी-आजोबांकडून नुसतं ऐकलं होतं. या पोरांना नुसते फोटो काढायला जाणारे म्हणून हिणवतात ते मला पटत नाही.

सोलापूरकर: ताई, पांड्याचं ठीक आहे हो, त्याला बांबू कुणी फोडला याने काय फरक पडतो. पण हीच पोरं उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे सिच्वानमधल्याच ल्यांगशानच्या डोंगरात शाळेत शिकवायला जातात, तिथली यी जमातीची मुलं घरी वेगळी भाषा बोलतात, आणि आईबाप शहरात कामाला गेल्यामुळे गावात मागे राहिलेली मुलं चीनमध्ये २०१६च्या सरकारी मोजणीत ९० लाख होती. अशा मुलाला जीव लावायचा आणि ऑगस्टमध्ये निघून जायचं? आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, चिनी शिकले, १९४२ला तिथेच वारले, अवघे ३२ वर्षांचे होते. सेवा म्हणजे ते.

वुहानचा_डॉक्टर: मी तिकडेच एमबीबीएस केलं. कोटणीसांचं माप १९ वर्षांच्या पोराला लावू नका राव. माझा वर्गमित्र ल्यांगशानला गेलेला, रोज बटाटे आणि बकव्हीटच्या (कुट्टूच्या) भाकऱ्या, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरायचे, तीन आठवड्यांत अंघोळ दोनदा. परत आल्यावर मेसमध्ये ताटात अन्न टाकणं त्याने बंद केलं ते पास होईपर्यंत.

सोलापूरकर: म्हणजे सुधारला तुमचा मित्र. त्या वर्गातल्या पोरांचं काय झालं ते सांगा की.

वुहानचा_डॉक्टर: ते मला माहीत नाही. त्याने दोघांना काही महिने पत्रं लिहिली, मग बंद झाली. हे तुमचं बरोबर आहे.

मीनल_के: अंग दुखलं म्हणजे मदत झाली असं धरून चालतात, माझा आक्षेप एवढाच आहे. मे २००८च्या सिच्वान भूकंपात माणसं स्वतःच्या गाड्या काढून धावली, मन मोठंच होतं, पण ढिगारा उपसायची माहिती नसलेल्यांच्या गाड्यांनी रस्तेही अडले. शाळेत जायचं तर तिथल्या कायमच्या मास्तरांना आधी विचारा की तुम्हाला काय हवंय, त्यांनी छपराचे पत्रे बदला म्हटलं तर पत्रे बदला, इंग्रजीची गाणी शिकवत बसू नका.

गोदाकाठची: हे मान्य. पांडा केंद्रात असंच होतं, काय करायचं ते तिथे पांड्यांची निगा राखणारेच सांगायचे. मी बांबू चुकीचा फोडला तर त्यांनी तो परत फोडायला लावला, तोही तीनदा.