चार वर्षांच्या पोराला मे महिन्यात ताडोबाला न्यावं का?

रानवाट: शाळांना सुट्टी लागली की अर्धं पुणं ताडोबाला निघतं. माझं मत विचाराल तर सहा वर्षांखालचं मूल सोबत असताना मे महिन्यातली सफारी नकोच. समृद्धीचा शिर्डी-नागपूर पट्टाच 520 किलोमीटरचा. त्याआधी पुणे-शिर्डी, पुढे नागपूरहून ताडोबाचं मोहर्ली गेट. एवढं अंतर कापून चंद्रपूरच्या उन्हात उघड्या जिप्सीत चार तास बसायचं. ठरलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही, आणि पोराला शू नेमकी पाणवठ्यापाशी लागते. त्यापेक्षा सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य बरं. चिंकारा दिसतो, आणि पोर कंटाळलं तर जेवायला घरी.

माळरान: मे महिन्यात मयूरेश्वरच्या माळावर सावली कुठाय? ऊन चढलं की चिंकारा झुडपाखाली जातो, मग पोरानं काय बघायचं, धूळ? अडचण पोराच्या वयाची नाही, महिन्याची आहे. ताडोबालाच न्या, पण फेब्रुवारीत.
तेव्हा पहाटे चालत्या जिप्सीत वारा बोचतो. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा कानटोपी, पातळ स्वेटर आणि वरून शाल असे थर करा. आठनंतर एकेक उतरवता येतात. मुलाला मागच्या चाकांवरच्या सीटवर बसवू नका. सगळ्यात जास्त दणके तिथेच बसतात, आणि रिकाम्या पोटी बसलेलं पोर तासाभरात ओकतं. निघताना दोन बिस्किटं किंवा केळं पुरे, दूध नको. दुर्बीण 8×21 ची हलकी घ्या. 8×42 लहान हातांना पेलत नाही, चित्र हलत राहतं.

ओली_टोपी: मे महिन्यातच सुट्टी मिळते त्यांनी काय करायचं? सकाळची एकच फेरी घ्या, दुपारची सोडा. फिक्या रंगाचे सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, मानेवर ओला पंचा. पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट. ओआरएसचं 21 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पेल्याभर पाण्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण वाढून पोराला उलट त्रास होतो.

रानवाट: पंचा, ओआरएस, सगळं मान्य. पण वाघ पाण्यात बसलाय, इंजिन बंद, सगळे श्वास रोखून, आणि तुमचं पोर भोकाड पसरतं. त्याच गाडीतल्या दुसऱ्या कुटुंबानंही पैसे भरलेत की!

माळरान: म्हणून तर गाडी वाटून घ्यायचीच नाही. जिप्सीत सहा जण मावतात. तुम्ही चौघं असाल तर सहाही जागांचे पैसे भरा. मग रडलं तरी गाईडला 'पुढे घ्या' म्हणता येतं. वाघाची चाहूल लागली की वानर आणि चितळ इशारा देतात, तो वानराचा खकर आणि चितळाचा कॉल पोराला आधीच ऐकवून ठेवा. ते आवाज हुडकण्यात त्याचा वेळ जातो, वाघ दिसो न दिसो.

गेटपाशी: कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, मोबाईल चालत नाही, म्हणजे कार्टूनचा उपाय बाद. खडूंचा डबा आणि प्राण्यांची चित्रं घ्या. बुकिंगमध्ये जे ओळखपत्र दिलंय तेच मूळ प्रतीत हवं, पोराचंही. आणि रेल्वेचं तिकीट काढण्याआधी वार बघा, मंगळवारी ताडोबा बंद असतं.